आडनाव एक, मूळ निराळं

दारव्ह्याच्या पुढे आमचं गाव, अन् गावात देशमुखांची दोन घरं: आमचं आणि वाड्यावरचं. दोन्ही एकाच आज्याची, असं लहानपणापासून ऐकलेलं. पोळ्याला तोरणाखालून आधी कोणाची जोडी, यावरून दरवर्षी भांडण. भावकीशिवाय एवढं कोण भांडतं?

मागच्या उन्हाळ्यात वाड्यावरचा दादा अन् मी, दोघांनीही गालाच्या आतून कापूस फिरवून नमुने धाडले. तपासणी वाय गुणसूत्राची. ते बापाकडून लेकाकडे जवळपास जसंच्या तसं जातं, आडनावासारखं; क्वचित एखादा बदल होतो. ३७ खुणा ताडून पाहिल्या. पाच-सहा पिढ्यांमागे एकच आजा असता तर फरक दोन-चारच निघाले असते. निघाले २१. गटही, म्हणजे बापाकडून चालत आलेल्या जुन्या वंशाच्या शाखाही, वेगळे; त्याचा आर१ए, माझा एच.

तसं नवल नाही. देशमुख हे मुळात कुळाचं नाव नव्हे, परगण्याचा हुद्दा. वतन ज्याचं, तो देशमुख.

निकाल ऐकून आई चुलीपाशी हळूच म्हणाली, "तुहे पणजोबा दत्तक आलते ना, आत्याच्या घरून." म्हणजे आडनाव राहिलं, गुणसूत्र बदललं! हे आधी सांगितलं असतं तर पैसे तरी वाचले असते.

बाबांना मात्र काळजी वेगळीच. "मंग आता पोळ्याले आपली जोडी त्यायच्या मांगं लावतं काय बे?"