चवथीच्या दोन दिवस आधी

5 सप्टेंबर 2024, गुरुवार. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आल्यामुळे फोंड्याचा बाजार गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानाने भरला होता आणि आमच्या पतसंस्थेत पिग्मी ठेव, म्हणजे एजंटकडे रोज थोडी थोडी साठवलेली रक्कम, काढणाऱ्यांची रांग दारापर्यंत पोहोचली होती. भाजी विकणाऱ्या एका मावशींनी पासबुक माझ्यापुढे ठेवून विचारले, "सायबा, म्हजे पयशे खंय गेले?" रोज शंभर रुपये देऊनही त्यांच्या खात्यात जुलैनंतर एकही भरणा दिसत नव्हता.

संशय पिग्मी एजंटवर गेला. काउंटरवर कुणीतरी तसे बोललेही, आणि ते मला आजही खुपते. बारा वर्षे उन्हापावसात दारोदार फिरलेल्या त्या बाईंनी काही न बोलता पिशवीतून वही काढली. भरणा फोनवर नोंदवायचे ॲप सुरू झाल्यावर वही बंद करण्याची सूचना मीच दिली होती. त्यांनी ती सोडली नव्हती, आणि तिच्यात प्रत्येक दिवसाची नोंद होती. रोकडही शाखेत वेळेवर जमा होत होती, पण खातेवार नोंदी सर्व्हरवर न आल्याने रोखपालाने ती सस्पेन्स खात्यात, म्हणजे हिशेब लागेपर्यंतच्या तात्पुरत्या खात्यात, धरून ठेवली होती. जुलैत आलेली ॲपची नवी आवृत्ती एजंट बाईंच्या जुन्या फोनवर चालत नव्हती आणि जुनी आवृत्ती नोंदी फोनमध्येच साठवत होती.

रोखपालाने हे कळवायचे कुणाला? देखभालीचा करार मार्चमध्ये संपला होता आणि संगणकीकरण समिती त्याआधीच विसर्जित झाली होती. 'प्रकल्प पूर्ण झाला' हा ठराव माझ्याच हातचा होता.

मावशींना दुपारी पैसे मिळाले. वहीवरून बाकीच्या नोंदी चढवताना रात्रीचे नऊ वाजले. एजंट बाईंची मी सर्वांसमोर क्षमा मागितली.

पुढच्या संचालक मंडळाच्या बैठकीत, संगणकावरचा खर्च एकदाच करायचा असतो, असे मत पुन्हा मांडले गेले. केंद्र सरकारने 29 जून 2022 रोजी 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, तीसुद्धा 5 वर्षांच्या कालावधीसाठी, याकडे मी लक्ष वेधले. बऱ्याच चर्चेनंतर अंदाजपत्रकात देखभाल, प्रशिक्षण आणि एजंटांचे फोन यांसाठी दरवर्षीची तरतूद झाली.

आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एजंट, रोखपाल आणि सॉफ्टवेअरचा माणूस एकत्र बसतात. पहिल्या बैठकीत त्याच बाईंनी, उन्हात पडद्यावरचे आकडे दिसत नाहीत, असे सांगितले. पुढच्या बैठकीपर्यंत आकडे मोठे झाले होते.