सातधारी भेंडी आणि केवडा: दुसऱ्या पिढीची नोंद

संकराच्या दुसऱ्या पिढीची (एफ-टू) रोपं फुलोऱ्यात आली आहेत आणि केवड्याने, म्हणजे पांढरी माशी पसरवते त्या हळद्या या विषाणूजन्य रोगाने, आपलं काम सुरू केलंय. नवीन मंडळींसाठी थोडक्यात: आमच्या गावरान सातधारी भेंडीला चव अप्रतिम, पण पांढरी माशी वाढली की झाडं पिवळीधमक होतात. म्हणून तिच्या फुलावर केवड्याला तोंड देणाऱ्या 'परभणी क्रांती' या भेंडीचे पराग घातले.

परभणी क्रांती हा मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या जांभळे आणि नेरकर यांचा वाण. त्यांनी पुसा सावनी या भेंडीच्या जुन्या वाणाचा संकर मॅनिहॉट या दुसऱ्याच प्रजातीशी केला. अशा संकराला बी फार कमी धरतं, तरी तो पुसा सावनीशी पुन्हा जोडत त्यांनी खाण्याजोगी भेंडी मिळवली. या चिकाटीपुढे मी नतमस्तक आहे. ही प्रतिकारशक्ती एकाच प्रभावी जनुकावर (म्हणजे ज्याची एक प्रत असली तरी गुण दिसतो) चालते, हेही त्यांनीच १९८१ मध्ये मांडलं.

संकर करायला दुसऱ्या दिवशी उमलणारी फुगीर कळी संध्याकाळी निवडायची. ब्लेडने हलका गोल छेद दिला की टोपण निघावं तशा पाकळ्या सुटतात. मग पुंकेसरांची नळी चिमट्याने सोलायची, वरची गडद लाल कुक्षी दुखवायची नाही, आणि कागदी पिशवी चढवायची. पराग सकाळी.

पहिली पिढी सगळी हिरवी राहिली. आता साधारण चारात एक रोप पिवळं पडतंय. पान उन्हासमोर धरलं की आधी फक्त शिरांची जाळी पिवळी दिसते, मधला भाग अजून हिरवा असतो. अशा झाडाच्या शेंगा पुढे फिकट आणि निबर होतात.

पण हिरव्या झाडांवर लगेच विश्वास टाकू नका, हे मी आग्रहाने सांगतो. रोगट माशी बसलीच नसेल तर दुबळं झाडही निरोगी दिसतं. म्हणून दर दोन ओळींमध्ये गावरान भेंडीची ओळ मुद्दाम लावली आहे, आणि फवारणी पूर्ण बंद. त्या ओळी पार पिवळ्या झाल्यावरच शेजारच्या हिरव्या झाडांना लेबल लावतोय. शिवाय विषाणूही बदलतो. पुसा सावनीसुद्धा एके काळी केवड्याला दाद देत नसे, आणि परभणी क्रांतीवरही आता बऱ्याच ठिकाणी रोग दिसतो.

सात धारांची आणि हिरवी, अशी दोन्ही गुणांची झाडं मोजकीच आहेत. त्यांच्या कळ्या मधमाशी शिरण्याआधी दोऱ्याने बांधतोय. पुढच्या हंगामात प्रत्येक झाडाचं बी वेगळ्या ओळीत जाईल. ओळीत निदान बारा रोपं हवीत: या जनुकाची एकच प्रत असलेल्या झाडाची बाराही पिल्लं निरोगी निघण्याची शक्यता मग जेमतेम तीन टक्के उरते. ज्या ओळीत एकही पान पिवळं पडणार नाही, तिचंच बी पुढे धरणार.