भुताचा रंग आणि घराचा रंग

गोव्यातल्या आमच्या डिचोलीकडच्या गावात देवचाराची, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या भुताची, गोष्ट सांगताना आजी त्याच्या रूपाविषयी फारसे बोलत नसे. खांद्यावरचे कांबळे, हातातली काठी आणि जळती चूड एवढेच ती सांगे; मग त्या चुडीच्या उजेडात माड, चिऱ्यांचा गडगा आणि शेताचा बांध कसा दिसू लागला, याचे वर्णन करण्यात रमून जाई. भुतांविषयीचे कलात्मक चित्रपट मी याच सवयीने पाहत आलो आहे, आणि माझे मत असे झाले आहे की त्यांतला रंग भुताचा नसतो. भूत ज्या घरात येते, त्या घराचा असतो.

जपानी दिग्दर्शक मासाकी कोबायाशी यांचा भुतांच्या चार कथांचा ‘क्वाइदान’ (१९६४) हा त्यांचा पहिला रंगीत चित्रपट. त्यातली आकाशे रंगवलेली आहेत, आणि हिमस्त्रीच्या कथेत तर त्या आकाशातून प्रचंड डोळे खाली पाहत असतात. त्या डोळ्यांविषयी पुष्कळ बोलले जाते, पण मला त्याच कथेतला शेवटचा घरातला प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. रात्री बायको दिव्यापाशी शिवत बसलेली आहे, मुले झोपली आहेत आणि खोलीत उबदार, पिवळसर उजेड आहे. कोणालाही सांगणार नाही असे वचन ज्या गोष्टीविषयी दिले होते, ती तरुणपणी हिमवादळात पाहिलेल्या स्त्रीची हकिगत नवरा सहज बोलता बोलता सांगून टाकतो, आणि तो पिवळा उजेड जाऊन खोली थंड निळी होते. बाहेरून कोणी आत येत नाही, भिंतीही त्याच असतात. एवढी वर्षे ज्या उजेडात संसार झाला तो मात्र निघून जातो. बायको हीच ती हिमस्त्री असते. ती मुलांसाठी नवऱ्याला जिवंत सोडते, परंतु त्या घराला पूर्वीचा रंग आता मिळणार नाही, हे आपल्याला तेव्हाच कळलेले असते.

तांबडे म्हणजे धोका, पांढरे म्हणजे मरण अशी कोष्टके मांडणारे लेख मला म्हणूनच अपुरे वाटतात. राजस्थानी लेखक विजयदान देथा यांच्या कथेवर दिग्दर्शक मणी कौल यांनी केलेल्या ‘दुविधा’मध्ये (१९७३) वडाच्या झाडावरचे भूत नववधूवर भाळते आणि व्यापारासाठी परगावी गेलेल्या तिच्या नवऱ्याचे रूप घेऊन घरी येते. हे भूत ओळखू यावे म्हणून त्याला वेगळा रंग दिलेला नाही; ते हुबेहूब नवऱ्यासारखे दिसते. सारा रंग वधूकडे आहे. पांढऱ्या भिंतींसमोर तिची तांबडी ओढणी पाहताना जाणवते की त्या घरात एकाकी आहे ती जिवंत बाईच. भूत निदान तिच्याशी खरे बोलते.

थायलंडचे दिग्दर्शक अपिचातपोंग वीरसेथाकुल यांच्या ‘अंकल बून्मी’मध्ये (२०१०) तर मेलेली बायको रात्रीच्या जेवणाच्या वेळी टेबलाशी हळूहळू आकार घेते, आणि घरातले लोक थोडे दचकून तिची विचारपूस करू लागतात. अंधारातून वर येणाऱ्या, वानररूपी भूत झालेल्या त्यांच्या मुलाचे तांबडे डोळे तेवढे वेगळे चमकतात. बाकी उजेड रोजच्या जेवणाचाच राहतो. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळवणाऱ्या या चित्रपटातली ही माया मला आमच्या राखणदाराच्या गोष्टींच्या फार जवळची वाटते, कारण तिथेही भूत हे घरचेच माणूस असते.

आजी गेली त्या वर्षी आम्ही माजघरातला पिवळा बल्ब काढून ट्यूबलाइट लावली आणि भिंतींना फिकट हिरवा रंग दिला. ती ज्या कोपऱ्यात डोके टेकून बसत असे, तिथे खोबरेल तेलाचा काळपट डाग होता. रंगाचे दोन हात दिल्यावर तो दिसेनासा झाला. पुढच्या पावसाळ्यात भिंती ओलावल्या तेव्हा तो त्याच जागी, त्याच उंचीवर, हिरव्यातून पुन्हा वर आला. आईने तिथे रंग लावू दिला नाही.