नागपूरहून इंदूरला, स्फटिक घेऊन

बीमटाइम, म्हणजे क्ष-किरणांवर प्रयोग करायला दिलेला वेळ, मिळाला तो नेमका ऑगस्टमधला. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन आहे. १७२.५ मीटर परिघाच्या कड्यात २.५ जीईव्ही ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरतात आणि चुंबकापाशी वळताना क्ष-किरण सोडतात. हे किरण प्रयोगापर्यंत आणणारी वाट म्हणजे बीमलाइन; तिथली बीएल-२१ ही बीमलाइन प्रथिनांच्या स्फटिकांसाठी आहे. नागपुरातून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

एकटं जायचं तर वंदे भारत सोयीची, दुपारी निघून रात्री उशिरा पोचवते. स्फटिक सोबत असतील तर मात्र गाडी करा. सावनेर, मुलताई, बैतूल, हरदा असा साधारण ५०० किलोमीटरचा रस्ता आहे. गोठवलेले स्फटिक न्यायच्या भांड्यात, म्हणजे ड्राय शिपरमध्ये, द्रव नायट्रोजन आतल्या सच्छिद्र थरात मुरलेला असतो, त्यामुळे सांडत नाही; पण वायू सतत बाहेर पडतो. झाकण घट्ट आवळू नका, भांडं उभंच बांधा आणि काचा थोड्या उघड्या ठेवा. बंद गाडीत हा वायू प्राणवायूची जागा घेतो आणि त्याला वासही नसतो. चालकाला हे निघण्याआधीच समजावून सांगा. आमच्या चालक भाऊंनी मुलताईला चहासाठी थांबल्यावर आपणहून चारही दारं उघडली, तेव्हा मला फार हायसं वाटलं.

बीमलाइनवर पहिला स्फटिक चढवला. जेमतेम ०.२ मिलिमीटरचा, नायलॉनच्या बारीक फाशात अडकलेला, त्यावर उणे १७३ अंशांचा नायट्रोजनचा झोत. हच, म्हणजे प्रयोगाची बंदिस्त खोली, बंद झाला, शटर उघडलं आणि पडद्यावर चांगल्या स्फटिकाच्या ठिपक्यांऐवजी तीन जाड वर्तुळं आली: ३.९, ३.६७ आणि ३.४४ अँगस्ट्रॉम (अणूंमधली अंतरं मोजायचं एकक). ही बर्फाची खूण. दुसरा स्फटिक तसाच, तिसराही. मॅडम हळूच म्हणाल्या, "अगं, हा बर्फ इथला नाही, आपण नागपूरहून आणलाय."

खरंच होतं ते. पावसाची झड लागलेली असताना मी खिडकी उघडी ठेवून स्फटिक गोठवले होते. नायट्रोजनच्या वाटीत पांढरा भुगा तरंगत होता आणि मी त्यातच फासे बुडवत राहिले. म्हणून कळकळीनं सांगते: पावसाळ्यात एसी आधी तासभर लावून खोली कोरडी करा, भुगा दिसला की वाटी बदला. गोठताना बर्फ होऊ नये म्हणून द्रावात ग्लिसरॉल घालतात, त्याचं प्रमाणही घरीच तपासा. स्फटिकाशिवाय नुसता द्राव फाशात घेऊन गोठवा. तो काचेसारखा पारदर्शक राहिला पाहिजे, दुधाळ झाला तर ग्लिसरॉल वाढवा. किरण कितीही प्रखर असले तरी बिघडलेला स्फटिक सुधारत नाही.

पाचवा स्फटिक नागपुरातच दुसऱ्या दिवशी कोरड्या खोलीत गोठवलेल्यांपैकी होता. ठिपके थेट कडेपर्यंत, २.१ अँगस्ट्रॉम! हा आकडा जितका लहान, तितका तपशील बारीक. इथे घाई करू नका. आधी स्फटिक ९० अंशांनी फिरवून दोन फ्रेम, म्हणजे ठिपक्यांची दोन चित्रं, घ्या, स्फटिकाची सममिती ओळखा, मगच सुरुवातीचा कोन ठरवा. एवढ्या थंडीतही किरणांनी स्फटिक झिजतोच, म्हणून सर्वांत गरजेचा भाग आधी मोजून घ्यायचा. आम्ही एकेक अंशानं १८० फ्रेम घेतल्या आणि तिथेच दोन हार्ड डिस्कवर उतरवल्या.

परत आल्यावर शिपर रिकामा करून तसाच कोपऱ्यात ठेवू नका. झाकण काढून तो पूर्ण वाळू द्या, थरात ओल राहिली तर पुढच्या खेपेला नायट्रोजन कमी मुरतो. आमचा अजून वाळतोय, बाहेर पाऊस आहे.