नाला बुजवण्याआधी हिशोब करा

ले-आउटचा नकाशा टेबलावर आला की मी आधी कंटूर, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणाऱ्या रेषा, बघते. पाणी कुठून उतरतंय, कुठे साचतंय. बहुतेक विकासकांना तो उतार म्हणजे अडचण वाटते: नाला बुजवा, जमीन सपाट करा, दोन प्लॉट जास्त काढा. मग त्याच पाण्यासाठी जमिनीखाली पाइप, चेंबर, आणि दरवर्षी गाळ उपसायचा खर्च. हा खर्च आधी कुणी मांडतच नाही, याचा मला मनापासून राग येतो.

कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस शहरात १९७० च्या दशकात ‘व्हिलेज होम्स’ ही वसाहत उभी राहिली. तिथे पावसाचं पाणी जमिनीखालच्या पाइपांत न सोडता घरांमधल्या उथळ, गवताळ चरांतून वाहू दिलं. बरंचसं पाणी तिथेच जिरतं. पाइपांचे वाचलेले पैसे झाडं आणि बागांवर खर्च झाले. अशा हिरवाईला घर घेणारे जास्त किंमत मोजतात, हे तर कुठलाही ब्रोकर सांगेल.

मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण न्यूयॉर्कचं. १९९७ च्या करारानंतर या शहराने आपलं पिण्याचं पाणी जिथून येतं त्या कॅट्सकिल आणि डेलावेअर पाणलोटांतल्या जमिनी विकत घेतल्या, तिथल्या शेतकऱ्यांना आणि गावांना प्रदूषण रोखण्यासाठी पैसे दिले. त्याऐवजी ते पाणी गाळून शुद्ध करणारा प्रकल्प बांधायचा तर अब्जावधी डॉलर लागले असते, शिवाय तो चालवायचा खर्च वेगळा. रान राखणं कितीतरी स्वस्त पडलं.

अंदाजपत्रकात एक रकाना वाढवा: पुढच्या वीस वर्षांची देखभाल. मी तो आता प्रत्येक कामात भरायला लावते.