लुनाचा क्लच: एका स्प्रिंगेपायी गेलेले तीन आठवडे

रविवारी पहाटे लुना साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात घातली. पहिल्या वळणावर चार-दोन पायडल मारावी लागली, पुढे ती स्वतःच्या ताकदीवर चढत राहिली. मागच्या महिन्यात हीच गाडी पोवई नाक्यावर सिग्नल सुटला तरी जागीच ओरडत उभी राहायची. मधल्या काळात काय केलं ते लिहून ठेवतो. जुनी लुना घेऊन बसलेल्या कुणालाही हे दुखणं कधी ना कधी भेटणारच.

गाडी वडिलांची. कायनेटिकनं लुना १९७२ साली आणली ती पियाजिओच्या चाओ या इटालियन मोपेडवरून. म्हणून सुटे भाग कोणत्या क्रमानं बसतात हे समजायला चाओची चित्रं फार उपयोगी पडली. पार्ट मात्र चित्रावरून मागवायचा नाही. समोरचा जुना तुकडा मोजायचा आणि मगच पुढं जायचं.

लुनाचा क्लच आपोआप धरतो: इंजिनाचे फेरे वाढले की आतले शूज बाहेर फेकले जाऊन भोवतालच्या ड्रमला धरतात, फेरे कमी झाले की स्प्रिंगा त्यांना आत ओढतात. क्लच उघडला तेव्हा शूजचे लायनर, म्हणजे त्यांच्यावरचा घर्षणाचा थर, पार गुळगुळीत झालेले होते आणि शूज आत ओढून धरणाऱ्या एका स्प्रिंगेचा आकडा तुटलेला. लायनरचं काम सोपं. ब्रेकशूला लायनर बसवणाऱ्याकडून ते करून घेतलं. ॲरल्डाइटनं घरी चिकटवायच्या फंदात कुणी पडू नका, क्लच तापला की ते सुटतं. ड्रम लेथवर साफ करताना त्रिज्येत दोन दशांश मिलिमीटर गेले, म्हणून लायनर मूळ मापापेक्षा तेवढाच जास्त जाड ठेवायला सांगितला. लायनर त्याहून जाड झाला तर शू ड्रमला घासत राहतो आणि स्टँडवरून काढली की गाडी आपोआप पुढं सरकते. पातळ राहिला तर क्लच उशिरा धरतो.

खरा घोळ स्प्रिंगेत झाला. जुनी तार १.२ मिलिमीटरची, बाहेरचा व्यास ८ मिलिमीटर, वेढे १५. बाजारात जाऊन एका दुकानातून नमुन्यावरून नवीन जोड्या बनवून आणल्या. त्याच्याकडे १.२ ची तार नव्हती, त्यानं १.४ ची वापरली. दिसायला हुबेहूब, बाहेरचा व्यास तोच, लांबीही तीच. ‘जरा दणकट झाली, चांगलंच की,’ असं मलाही वाटलं. बसवल्यावर इंजिन किंचाळायला लागलं तरी चाक हलेना.

एमआयडीसीत एक निवृत्त टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे, काका आहेत. महाराष्ट्र स्कूटर्समध्ये प्रिया स्कूटर बनायची त्या काळातले. त्यांनी दोन्ही स्प्रिंगा तळहातावर घेतल्या, एकेक ओढून पाहिली आणि म्हणाले, “अरं बाळा, तार बदलली की स्प्रिंगच बदलली. आधी वहीत मांडून बघ, मग लेथवर ये.”

घरी येऊन मांडलं. स्प्रिंगेचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. १.२ ची १.४ झाली एवढ्यानंच तो सुमारे १.८५ पट होतो. बाहेरचा व्यास तोच ठेवल्यामुळे वेढ्याचा मधला व्यास ६.८ वरून ६.६ वर येतो, त्याचे आणखी नऊ टक्के. जाड तारेचे तेवढ्याच लांबीत १५ ऐवजी १३ वेढे मावतात, आणि वेढे कमी म्हणजे कडकपणा पुन्हा जास्त. सगळं धरून स्प्रिंग जवळजवळ २.३ पट कडक झाली होती. शू बाहेर फेकणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे क्लच धरायला इंजिनला अंदाजे दीडपट फेरे हवेत. गाडी का ओरडते ते त्या पानावर स्वच्छ दिसलं. मला हा हिशेब फार आवडला. दोन दशांश मिलिमीटरनं गाडीचा सगळा स्वभाव पालटला होता.

मग १.२ ची पियानो वायर, म्हणजे स्प्रिंगेची कडक पोलादी तार, मिळवली. काकांनी लेथच्या चकमध्ये ४.८ ची सळई धरून, अगदी सावकाश, तार ताणून ठेवत वेढे घातले. सुटल्यावर तार थोडी उलगडते, म्हणून सळई आतल्या व्यासापेक्षा, म्हणजे ५.६ पेक्षा, बारीक घ्यावी लागते. तीन सळया बदलल्यावर माप जमलं. आकडे वळवताना पकडीनं तारेवर चरा पडू द्यायचा नाही, तिथंच ती पुढं तुटते. शेवटी घरच्या ओव्हनमध्ये २३० अंशांवर अर्धा तास ठेवल्या, म्हणजे वळवताना तारेत राहिलेला ताण निघतो. सगळ्या स्प्रिंगा एकाच तारेच्या, एकाच दिवशी केलेल्या बसवल्या. एक जुनी, एक नवी असं केलं तर एक शू आधी धरतो आणि गाडी निघताना थरथरते.

याच आठवड्यात ॲक्सिलरेटरची केबलही केली. आतली तार सायकलच्या गियरची. ब्रेकची तार जाड पडते. निपल, म्हणजे तारेच्या टोकाला अडकणारी गाठ, पितळी सळईतून काढला आणि भोकाला एका बाजूनं बसकट शंकू दिला. तारेचं टोक त्या शंकूत फुलवून मग डाग दिला (सोल्डर केलं), म्हणजे ओढ नुसत्या डागावर येत नाही. पेट्रोलची नळी बदलून व्हिटॉनची, म्हणजे इंधनाला टिकणाऱ्या रबराची, घातली. पंपावर आता इथेनॉलवालं पेट्रोल आहे, त्यानं जुनं रबर फुगून मऊ पडतं.

ऑइल सीलसाठी वेगळं काही करावं लागलं नाही. सीलच्या कडेवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी कोरलेली असते, तो आकडा सांगितल्यावर बेअरिंगच्या दुकानात पाच मिनिटांत मिळालं.

पायडलचा शाफ्ट ज्यात फिरतो तो बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, मात्र अजून राहिलाय. भोक अंडाकृती झालंय, त्यामुळे आधी ते गोल करून मग मोठ्या मापाचा बुश बसवावा लागेल. फॉस्फर ब्राँझची सळई काका बघून ठेवणार आहेत. तोवर डावं पायडल खडखडतंय.