कागदावर डाग पडला नाही

पावसाळ्यात माझ्या सांगलीच्या दुकानाच्या दारात रोज पाच-सहा ग्रासकटर येऊन पडलेले असतात. निम्म्यांचं दुखणं एकच. गेल्या हंगामातलं पेट्रोल टाकीत तसंच राहिलेलं. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला पाणी धरायची खोड, त्यात कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, चोंदतो. साफ केला की मशीन पळतं. बुधगावच्या गुरुजींनी आणलेलं मशीन मात्र नवंकोरं होतं, हँडलवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं, आणि सुरू करायची दोरी जागची हलत नव्हती.

प्लग काढून दोरी ओढून पाहिली. तरी जाम. मग सायलेन्सरचे दोन बोल्ट सोडले आणि एक्झॉस्टच्या तोंडातून बॅटरी मारली. पिस्टनवर वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे, रिंग खाचेतच रुतलेली. टाकीतलं थोडं पेट्रोल कोऱ्या कागदावर ओतलं. पंख्याखाली बघता बघता उडून गेलं, कागद पांढरा तो पांढराच. पेट्रोलात घालायचं टू-टी ऑइल मिसळलेलं असतं तर तेलकट डाग मागं राहिला असता.

"गुरुजी, ऑइल किती घातलं?"

"कसलं ऑइल?"

या टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइलची वेगळी जागा नसते. पेट्रोलात मिसळलेलं ऑइलच पिस्टनला आणि बेअरिंगला वंगण देतं. या मशीनला लिटरला ४० मिली. खोक्यात मापाची बाटली होती. तिची पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती.

मशीन एका मोठ्या मॉलमधलं. तिथल्या मुलानं बिल केलं, खोकं गाडीत ठेवलं, संपलं. बंद पडल्यावर हेल्पलाइनचा नंबर मिळाला, आणि बिनऑइलचं चालवलेलं वॉरंटीत बसत नाही असं हेल्पलाइननं सांगितलं. त्या मुलाला मी दोष देत नाही. सकाळी मिक्सर आणि दुपारी ग्रासकटर विकणाऱ्या पोराला शिकवलंय कुणी? राग येतो तो त्याला तिथं उभं करणाऱ्यांचा. माझ्याकडं मशीन जोडून, गिअरबॉक्सला ग्रीस भरून, नट आवळून, गिऱ्हाइकासमोर ऑइल मिसळून, आयडल लावून मगच दाराबाहेर जातं. पहिल्या दोन-तीन टाक्या फुल रेस द्यायची नाही, हे दोनदा सांगतो. भावातला फरक तो आहे. पण लोक भाव विचारतात, उद्या पिस्टन कुठं मिळेल हे विचारत नाहीत.

हे सगळं मी गुरुजींना ऐकवलं. जरा जोरातच. ते शांतपणे म्हणाले, "जूनमध्ये मी आधी तुमच्याकडंच आलो होतो की हो."

आठवलं. दुकानात गर्दी होती. त्यांनी ५२ सीसीचा भाव विचारला, मी काउंटरवरूनच ९,८०० म्हणालो. मॉलमध्ये ७,६०० ला आहे म्हणाले. "मग तिथनंच घ्या," एवढं बोलून मी दुसऱ्याकडं वळलो. नुसता भाव काढायला आलेला माणूस आपल्याला लगेच ओळखू येतो, असं मी धरून चाललो होतो.

"वीस वर्षं चेतक चालवली मी," गुरुजी म्हणाले. "पंपावरचा पोरगा ऑइल मारूनच पेट्रोल द्यायचा. हे टू-स्ट्रोक आहे एवढं जरी कुणी बोललं असतं, तरी ध्यानात आलं असतं."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी ब्लॉक उतरवायला घेतला.

या जातीच्या ५२ सीसी मशीनना ४४ मिमीचा पिस्टन बसतो, म्हणून किट दुकानात होतं. क्रँकचं बेअरिंग बोटांनी फिरवून पाहिलं, ते वाचलं होतं. संध्याकाळी ऑइल गुरुजींनाच मोजायला लावलं. चष्मा कपाळावर सरकवून, बाटली उजेडाला धरून त्यांनी बरोबर रेघेपर्यंत आणलं, मग दोन थेंब जास्त झाले म्हणून परत काढायला निघाले. तिसऱ्या ओढीला मशीन सुरू झालं.

किटचे पैसे घेतले. मजुरीचे चारशेही लावले, ते त्यांनी काही न बोलता मोजून दिले. आठवडा झाला. ते चारशे घ्यायला हवे होते की नको, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.